पीसीपी एअर रायफलमधला हवेचा दाब आणि नागपूरचा उन्हाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती १० मीटर एअर रायफल मारणारे नेमबाज, त्यांचे पालक आणि क्लबमध्ये सिलिंडर भरून देणारे यांच्यासाठी आहे. रायफल पीसीपी प्रकारची, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, असं धरलं आहे. स्प्रिंगच्या किंवा मोडून भरायच्या एअरगनला यातलं फारसं लागू होत नाही. सिलिंडर म्हणजे रायफलला लागणारा हवेचा छोटा नळा, आणि टाकी म्हणजे तो ज्यातून भरतात ती मोठी. दाब सगळीकडे बारमध्ये दिला आहे. तुमचं गेज पीएसआयमध्ये असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, त्यामुळे २०० बार म्हणजे २९०० आणि ३०० बार म्हणजे ४३५० पीएसआय. मेगापास्कल दिसलं तर दहाने गुणा.

सिलिंडरवर २०० बार लिहिलंय. २२० भरला तर जास्त शॉट मिळतील ना?

मिळतील, थोडेसे. पण त्यांची गरज नसते. सामना ६० शॉटचा, त्यात साइटर, म्हणजे सामन्याआधीचे नेम जुळवायचे शॉट, धरा, तरी चांगल्या स्थितीतल्या मॅच रायफलचा २०० बारचा सिलिंडर तेवढं सहज पुरवून उरतो. पुरत नसेल तर गळती किंवा सील तपासा, दाब वाढवू नका.

आता जोखमीचा हिशेब. सिलिंडरवर कोरलेला २०० हा आकडा साधारण खोलीच्या तापमानाचा असतो. शेजारी बहुधा ३०० बार चाचणी दाब कोरलेला दिसेल. मधल्या १०० बारमध्ये उन्हाने वाढणारा दाब, धातूचा थकवा आणि बारीकसारीक ओरखडे सामावायचे असतात. ती जागा भरताना आपणच खाल्ली तर नागपूरच्या उन्हासाठी काय उरलं?

दाब जास्त असला की छर्रा जोरात जातो, हे खरं का?

रेग्युलेटर असलेल्या रायफलमध्ये नाही. सिलिंडरमध्ये १९० बार असो की ११०, रेग्युलेटर पुढच्या छोट्या कप्प्यात ठरलेलाच दाब सोडतो. मॅच रायफलमध्ये तो साधारण ६० ते ८० बारच्या दरम्यान असतो. छऱ्याला ढकलते ती या कप्प्यातली हवा, त्यामुळे सिलिंडरचं गेज खाली येत गेलं तरी वेग तोच राहतो. गेज रेग्युलेटरच्या आकड्याच्या जवळ आलं की मात्र वेग शॉटागणिक घसरू लागतो. म्हणून १०० च्या आसपास आला की भरून घ्यावा, ८० च्या खाली जाऊ देऊ नये.

रेग्युलेटर नसलेल्या स्वस्त पीसीपीमध्ये गंमत उलटी होते. तिथे हातोडी व्हॉल्व्हवर आपटते आणि व्हॉल्व्ह उघडतो, पण मागून सिलिंडरचा सगळा दाब त्याला बंद ठेवायला जोर लावत असतो. २०० च्या रायफलमध्ये २३० भरले की हातोडीला व्हॉल्व्ह पुरता उघडता येत नाही आणि पहिले दहा-पंधरा शॉट उलट मंद जातात. दाब उतरत गेला की वेग वाढतो, मधे काही शॉट एकसारखा राहतो आणि पुढे परत पडतो. हद्दच झाली तर व्हॉल्व्ह उघडतच नाही. तेव्हा हातोडीची स्प्रिंग आवळत बसू नका. उत्पादकाने हवा सोडायचा स्क्रू दिला असेल तर त्याने दाब हळूहळू उतरवा. नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

उन्हात सिलिंडरचा दाब किती वाढतो?

बंद भांड्यातल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा आणि गुणोत्तर काढा. २५ अंशांना २०० बार असलेला सिलिंडर ४५ अंशांना सुमारे २१३ होतो. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा आतला भाग ६५ अंशांपर्यंत सहज जातो. तिथे तोच सिलिंडर २२७ च्या घरात पोचतो. आणि आधीच २२० भरला असेल तर २५०.

२२७ ला चांगला सिलिंडर फुटत नाही. पण सील मऊ पडतात, जुनी ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) खाचेतून सरकते, गेजची नळी ताणली जाते आणि गेज कायमचं चुकीचं दाखवू लागतं. उन्हाळ्यात येणाऱ्या बऱ्याच तक्रारी अशा असतात: काही फुटलेलं नसतं, पण रात्रभरात ३० बार कमी झालेले असतात.

उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १२ अंश असताना तोच २०० चा सिलिंडर १९१ दाखवेल. ती गळती नाही.

मग उन्हाळ्यात किती भरावा?

एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत १८० ते १८५ बार. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, तर १८० च बरा. शॉट पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होतात आणि सामन्याला त्याने फरक पडत नाही. बाकी पथ्य दाबाचं नसून जागेचं आहे: सिलिंडर गाडीत, गच्चीवर, खिडकीशी किंवा स्कूटीच्या डिक्कीत ठेवायचा नाही. बर्डीच्या बाजारात दहा मिनिटांचं काम आहे म्हणून किट गाडीत ठेवून जातात आणि दहाचा तास होतो. किट सोबत न्या, नाहीतर आधी घरी ठेवा.

भरण्याची बरोबर पद्धत कोणती?

मोठ्या टाकीतून भरत असाल तर क्रम असा:

१. सिलिंडरवरची मुदत बघा. तोंडाचे आटे स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. आट्यात धातूचा कीस दिसला तर भरू नका.

२. टाकीचा व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करा. तोंडाशी बसलेली धूळ आणि ओल उडून जाते. तोंड कोणाच्याही दिशेला नको.

३. फिलिंग अडॅप्टर (टाकी आणि सिलिंडर जोडणारा तुकडा) टाकीला लावा, मग सिलिंडर अडॅप्टरवर हाताने पूर्ण बसवा. पाना लागत असेल तर आटे जुळलेले नाहीत किंवा ओ-रिंग चुकीची आहे.

४. अडॅप्टरचा हवा सोडायचा स्क्रू बंद आहे ना, बघा.

५. टाकीचा व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा. गेजचा काटा डोळ्याने सावकाश सरकताना दिसला पाहिजे. १०० वरून २०० ला जायला किमान एक मिनिट लागू द्या, उन्हाळ्यात दोन.

६. हव्या त्या आकड्याच्या दहा बार आधी थांबा, दोन-तीन मिनिटं निवू द्या, मग उरलेलं भरा.

७. आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद, मग स्क्रू सैल करून अडॅप्टरमधली हवा सोडा, आणि फुस्स आवाज पूर्ण थांबल्यावरच सिलिंडर काढा.

सातव्या पायरीत लोक घाई करतात. अडॅप्टरमध्ये २०० बार अडकलेले असताना सिलिंडर फिरवायला गेलं की एक तर तो हलत नाही, नाहीतर शेवटच्या आट्यावर ओ-रिंग कापून निघतो. पान्याने काढणारे आटे खराब करतात आणि तो सिलिंडर मग कायमचा बाद. भरताना चेहरा सिलिंडरच्या रेषेत आणू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

२०० भरला होता, अर्ध्या तासाने १८५ दाखवतोय. गळतोय का?

बहुतेक नाही. घाईने भरल्यावर आतली हवा तापते. ५० अंशांच्या हवेचे २०० बार २५ अंशांवर आले की १८४ उरतात. पूर्ण थंड झाल्यावर आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत पुन्हा बघा. फरक त्या दोन आकड्यांत शोधायचा. रायफलच्या सिलिंडरवरचं बटणाएवढं गेज पाच-दहा बार इकडेतिकडे दाखवतंच, त्यामुळे खरा आकडा टाकीच्या बाजूच्या मोठ्या गेजचा धरा.

हवा कुठून भरावी: टाकी, हातपंप की कंप्रेसर?

परवडत असेल तर टाकी. स्कूबाची (पाणबुड्यांची) किंवा कार्बन फायबरची ३०० बारची ६.८ लिटरची टाकी क्लबला पुरेशी होते. रायफलचा सिलिंडर २०० मिलिलिटरचा धरला तर १०० वरून २०० ला नेण्यासाठी २० लिटर मोकळी हवा लागते. टाकी ३०० वरून २०० वर उतरेपर्यंत कागदावर ६८० लिटर निघतात, म्हणजे ३४ वेळा भरता यायला हवा. प्रत्यक्षात २८ ते ३० धरा, कारण ३०० बारला हवा साध्या सूत्राच्या हिशेबापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी मावते. टाकीवाला फसवतोय असं वाटण्याआधी हे लक्षात घ्या. टाकी २०० च्या खाली गेली तरी ती संपलेली नसते, सिलिंडर फक्त टाकीच्या दाबाएवढाच भरेल. उन्हाळ्यात १८० च भरायचे असल्याने ती आणखी काही दिवस चालते.

टाकी घेताना कागदपत्रं नीट बघा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये ५०० मिलिलिटरहून मोठं आणि १००० लिटरपर्यंतचं भांडं सिलिंडर धरलं आहे. त्यामुळे रायफलचा छोटा नळा त्या व्याख्येत बसत नाही, पण मोठी टाकी बसते. हे नियम राबवणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. बाहेरून हौसेने मागवलेली, मान्यतेचा शिक्का नसलेली टाकी भरायला कुणी जबाबदार केंद्र तयार होणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. धातूच्या टाकीची पाण्याच्या दाबाखालची चाचणी साधारण दर पाच वर्षांनी होते आणि तारीख खांद्यावर ठोकलेली असते. कार्बन फायबर टाक्यांना चाचणीशिवाय एकूण आयुष्याचीही मर्यादा असते, पुष्कळदा १५ वर्षं. जुनी टाकी स्वस्तात मिळाली की आधी ती तारीख वाचा.

अडॅप्टरच्या आट्यांकडेही बघा. डिन (टाकीच्या जोडणीचं जर्मन मानक) पद्धतीत २०० बारच्या जोडणीला पाच आटे आणि ३०० च्या जोडणीला सात. सात आट्यांचा अडॅप्टर दोन्ही टाक्यांवर बसतो. पाच आट्यांचा ३०० च्या टाकीवर सील होत नाही, आणि ती मुद्दाम ठेवलेली अडवणूक आहे. वॉशर टाकून ती चुकवू नका.

हातपंप एका नेमबाजाला पुरतो. ५० ते ६० हापसे मारा, दहा मिनिटं थांबा, खालच्या स्क्रूने ओल सोडा, पुन्हा सुरू. सलग हापसलं की पंपाचा खालचा नळा हात लावता येणार नाही इतका तापतो आणि आतल्या सील भाजतात. १५० च्या पुढे अंगाचं वजन टाकावं लागतं. शाळकरी मुलांकडून हे करून घेऊ नये.

घरगुती कंप्रेसर सोयीचा असतो, पण आपल्याकडे तो दोन कारणांनी लवकर बिघडतो. एक उष्णता, दुसरं पुढच्या उत्तरात येतंच.

हवेतल्या ओलीचा एवढा बाऊ का करतात?

कारण दाबली की हवेतलं पाणी सुटतं, आणि ते रेग्युलेटरच्या बारीक आसनावर जाऊन बसतं. तिथून गंज, पांढरी भुकटी आणि सरकता दाब. आकडे बघा. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत जवळपास २६ ग्रॅम पाणी असतं. ६.८ लिटरची टाकी ३०० पर्यंत भरायला दोन घनमीटरच्या जवळ हवा लागते, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास पाणी कंप्रेसरमध्ये शिरतं. त्यातलं बहुतेक गाळणीत आणि ओल-विभाजकात अडलं पाहिजे. दर पाच-सात मिनिटांनी विभाजकाचा स्क्रू उघडला नाही तर ते पुढे सरकतं.

मे महिन्याच्या दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला मात्र घनमीटरमागे फक्त नऊ ग्रॅमच्या आसपास असतं. नागपूरची रणरणती हवा ओलीच्या दृष्टीने चांगली. आणि मग आपण काय करतो? गरम होतंय म्हणून कंप्रेसर कूलरसमोर आणून ठेवतो. वाळ्याच्या ताटीतून आलेली २८ अंशांची, ८० टक्के ओल असलेली हवा म्हणजे घनमीटरमागे जवळपास २२ ग्रॅम पाणी. यंत्र गार राहतं, हवा पावसाळ्यासारखी होते. कूलरच्या खोलीत भरूच नका. उन्हाळ्यात पहाटे सहाच्या सुमारास, दारं उघडी ठेवून, साध्या पंख्याखाली भरा: तापमान तीसच्या खाली आणि ओल दहा ग्रॅमच्या आसपास. एसीची खोलीही चालते, तिथली हवा आधीच कोरडी झालेली असते.

ओल शोषणारे दाणे रंग बदलले की बदला. रंग न बदलणाऱ्या प्रकारात उत्पादकाने दिलेले तास मोजा आणि पावसाळ्यात ते अर्धे धरा.

वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा पंक्चरवाल्याची हवा चालेल का?

ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन ग्रीसच्या बोटभर डागालाही पेट घ्यायला लावतो आणि रायफल गालाशी लावलेली असते. यात अपवाद नाही.

कोरडा नायट्रोजन रायफलला त्रास देत नाही. पण बाजारातला सात घनमीटरचा सिलिंडर साधारण १५० बारचा असतो, म्हणजे तुमचा सिलिंडर त्याहून वर भरणार नाही. खोली बंद असेल तर गळलेला नायट्रोजन नकळत गुदमरवतो. जोडणीचे आटेही वेगळे असतात, आणि जुगाडू अडॅप्टर बनवून घेणं हा अपघाताचा राजमार्ग आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी बनलेल्या जुन्या रायफली वेगळ्या, पीसीपीत तो भरायचा नाही. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आठ-दहा बार देतो, त्याचा इथे उपयोग नाही.

विश्रांतीनंतरचा पहिला शॉट नेहमी वर लागतो. धरण्यात चूक की रायफलमध्ये?

दोन्ही शक्य आहे, पण रायफलची शंका पडताळणं सोपं आहे. याला रेग्युलेटर सरकणं म्हणतात. रेग्युलेटरमध्ये बशीसारख्या स्प्रिंगांच्या चळतीवर एक पिस्टन बसलेला असतो. पुढच्या कप्प्यातला दाब ठरलेल्या आकड्यावर आला की पिस्टन आसनावर टेकून वाट बंद करतो. आसनावर कण अडकला, ओरखडा पडला किंवा ते दबलं की वाट पूर्ण बंद होत नाही. हवा थेंब थेंब झिरपत राहते आणि रायफल जितकी पडून राहील तितका कप्प्यातला दाब चढतो. पुढचा शॉट त्या जास्तीच्या दाबावर जातो, त्यानंतरचे पुन्हा सरळ.

पडताळायला क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, लागतो. खोलीच्या एलईडी किंवा ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने साधा ऑप्टिकल क्रोनोग्राफ चुकतो, म्हणून त्याचा स्वतःचा दिवा लावा. सिलिंडर १५० बारच्या आसपास असू द्या. दर दहा सेकंदांनी एक असे दहा शॉट मारून वेग लिहा. मग रायफल छर्रा न भरता दहा मिनिटं तशीच ठेवा, एक शॉट, पुन्हा दहा मिनिटं, एक शॉट. असे तीन घ्या. हे तीनही आधीच्या सरासरीपेक्षा ३-४ मीटर प्रतिसेकंदांनी वर असतील तर रेग्युलेटर सरकतोय. एकच वर असेल तर छऱ्याचा दोष असू शकतो. सगळे तेराही शॉट वरखाली असतील तर आधी छऱ्यांचा डबा बदलून बघा, मग हातोडीच्या बाजूला शोधा.

दुसरी खूण: बऱ्याच रेग्युलेटरना बाहेरच्या हवेशी जोडणारं बारीक छिद्र असतं. कान लावून तिथे सुर्र ऐकू आलं तर पिस्टनची ओ-रिंग गेली. लोक ते छिद्र चिकटपट्टीने बुजवतात. तसं केलं की स्प्रिंगांच्या जागेत दाब साचतो आणि रेग्युलेटरचा आकडा वर चढत जातो. ते छिद्र मोकळंच राहिलं पाहिजे.

रेग्युलेटर स्वतः उघडावा का? हवा पूर्ण सोडून, उत्पादकाचा आराखडा आणि सील-संच हातात असेल तर सफाई जमते. बशी-स्प्रिंगांचा क्रम फोटो काढून ठेवा. एक बशी उलटी बसली तरी दाब बदलतो. आसनाला पॉलिश करायचा मोह टाळा. पंधरा दिवसांवर राज्य स्पर्धा असेल तर हात लावू नका, छर्रा न भरता दोन-तीन शॉटची नुसती हवा सोडून कप्पा रिकामा करायची सवय ठेवा आणि स्पर्धेनंतर दुरुस्त करा. ही हवा कधी सोडायची, हे खाली सामन्याच्या प्रश्नात बघा.

तीन-चार मीटरच्या फरकाने गुण खरंच जातात का?

मोजू. मॅच रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग १७२ मीटर प्रतिसेकंद. दहा मीटर जायला त्याला सुमारे ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो १६.६ मिलिमीटर खाली येतो. वेग १७५ झाला तर १६ मिलिमीटर. फरक ०.६ मिलिमीटर. दशांश गुणांत एक पायरी ०.२५ मिलिमीटरची, म्हणजे दोन पायऱ्या: अगदी मधला १०.९ चा शॉट १०.७ च्या आसपास. साठ शॉटमध्ये सगळे तसे जात नाहीत, पण ६२५ आणि ६२८ मधलं अंतर अशाच गोष्टींतून येतं. शिकाऊ नेमबाजाचे शॉट दहा मिलिमीटरच्या गटात पसरत असतील तर मात्र क्रोनोग्राफ ठेवून द्या आणि सराव करा.

गळती कुठे आहे ते घरच्या घरी कसं शोधावं?

सिलिंडर रायफलवरून काढा आणि रात्रभर वेगळा ठेवा. वेगळा असतानाही दाब उतरला तर दोष त्याच्या स्वतःच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गेजच्या सीलमध्ये. रायफलवर असतानाच उतरत असेल तर जोडणीची ओ-रिंग, रेग्युलेटर किंवा फायरिंग व्हॉल्व्ह (ट्रिगर ओढल्यावर छऱ्यामागे हवा सोडणारा). नळीच्या तोंडाशी गाल नेला आणि थंड झुळूक लागली तर फायरिंग व्हॉल्व्ह. अर्थात चेंबर रिकामं असल्याची आणि बोल्ट उघडा असल्याची दोनदा खात्री करूनच.

नेमकी जागा सापडायला पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब टाकून ब्रशने लावा. बुडबुडा मिनिटभराने येतो, घाई करू नका. नंतर कोरडं पुसा. पूर्ण रायफल किंवा गेज पाण्यात बुडवायचं नाही.

कोणतं ग्रीस वापरावं?

शुद्ध सिलिकॉन ग्रीस, ओ-रिंगवर फक्त चमक येईल इतकंच. शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवणारा स्प्रे, पेट्रोलियम जेली यांपैकी काहीही दाबाच्या बाजूला नको: झटक्यात दाबलेली हवा तापून ते पेटवू शकते, शिवाय रबर फुगतं. ओ-रिंग हार्डवेअरच्या दुकानातली मापाला जुळली तरी घेऊ नका, तिची कठीणता वेगळी असते. उत्पादकाचा संच घ्या.

सिलिंडरवरची दहा वर्षांची मुदत संपली. दिसतो तर नवा. वापरू का?

नाही. ॲल्युमिनियमचा थकवा डोळ्याला दिसत नाही, आणि मुदत सांभाळणं ही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमबाजाचीच जबाबदारी आहे. साहित्य तपासणीत तो अडला की ऐनवेळी उसना शोधत फिरावं लागतं. घरी रंग किंवा पावडर कोटिंग करून घेणंही नको, भट्टीच्या तापाने ॲल्युमिनियमची ताकद जाते. वापरलेली रायफल घेताना सिलिंडरची तारीख आधी विचारा, किंमत त्यावरून ठरवा.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलला सायलेन्सर लावला की गॅसचा दाब वाढतो असं वाचलं. एअर रायफलमध्येही तसं होतं का?

ते गणित वेगळं आहे. बारुदाच्या गॅसवर आपोआप भरणाऱ्या रायफलीत नळीतला थोडा गॅस मागे वळवून बोल्ट ढकलला जातो. पुढे सायलेन्सर असला की गॅस नळीत जास्त वेळ अडकतो, बोल्ट गरजेपेक्षा जोरात मागे येतो आणि गॅस नेमबाजाच्या तोंडावर येतो. आपली १० मीटरची रायफल एकेक छर्रा हाताने भरायची असते, तिच्यात मागे ढकलायला काहीच नाही, म्हणून हा प्रश्नच उद्भवत नाही.

तरी सायलेन्सर लावायचा विचार मनातून काढा. बंदुकीचा आवाज कमी करणारी साधनं भारतीय शस्त्र नियमांत प्रतिबंधित वर्गात येतात, आणि हवाई रायफलसाठी घेतलंय हे पोलिसांना पटवत बसायची वेळ आणू नये. स्पर्धेत तर नळीला किंवा पुढच्या नळकांड्याला छिद्रं, मझल ब्रेक, आत काही बसवणं, सगळंच बाद आहे. आवाजाची तक्रार शेजाऱ्यांची असेल तर छर्रे पकडणाऱ्या पेटीत लोखंडी पत्र्यामागे रबर आणि कापड भरा. घरच्या सरावात मोठा आवाज छऱ्याच्या आपटण्याचा असतो.

सामन्यात मधेच हवा संपली तर?

सिलिंडर बदलायला किंवा भरायला रेंज ऑफिसरची परवानगी घेऊन फायरिंग लाइन सोडावी लागते, आणि त्यासाठी जादा वेळ मिळत नाही. ७५ मिनिटांत हे पाच मिनिटं खातं, शिवाय जमलेली पोझिशन मोडते. म्हणून आदल्या रात्री भरून, सकाळी थंड आकडा बघून जा. छऱ्याशिवाय नुसती हवा सोडायची असेल तर ती परवानगीच्या वेळेतच. सामना सुरू झाल्यावर छऱ्याशिवाय हवा सोडली तर दंड बसू शकतो.

रेंज एसीची असेल तर पोचल्यावर रायफल किमान अर्धा तास आत ठेवून मगच साइटर घ्या. बाहेर ४४ आणि आत २४ अंश असताना धातू, दस्ता आणि दाब तिन्ही बदलत असतात. पावसाळ्यात परत निघताना उलटं करा: किटची चेन बंद ठेवा आणि बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. थंड धातूवर दमट हवा लागली की रेग्युलेटरच्या छिद्रापर्यंत दव पोचतं.

पुण्याला बालेवाडीला किंवा दिल्लीला स्पर्धेला जाताना सिलिंडरचं काय करावं?

रेल्वेने जाताना सिलिंडर रायफलवरून काढून, आट्यांवर टोपी लावून, पेटीत कपड्यांच्या मधे ठेवा. १०० बारच्या आसपास पुरे, तिथे भरायची सोय असते. खिडकीच्या उन्हाची बाजू टाळा. विमानाने जाताना पूर्ण रिकामा करा आणि एअरलाइनला आधी लेखी कळवून उत्तराची प्रत जवळ ठेवा. काउंटरवर रिकामा असल्याचं दाखवायला लागतं. रिकामा करताना अडॅप्टरने हळूहळू सोडा. एकदम सोडलं की सिलिंडर बर्फासारखा गार होतो आणि आत दव धरतं.

या रायफलला परवाना लागतो का?

४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात-आठ ज्यूलची असते. तरी खरेदीची पावती, ओळखपत्र आणि संघटनेचं सदस्यत्व पेटीत असू द्या. स्प्रिंग किंवा दाब वाढवून ती मर्यादा ओलांडली तर तीच रायफल परवान्याच्या वर्गात जाते.

परीक्षेमुळे दोन महिने रायफल बंद राहणार. रिकामी ठेवू की भरून?

दोन्ही नाही. ५० ते १०० बार ठेवा. दाब असला की ओ-रिंगा जागेवर बसून राहतात आणि बाहेरची ओल-धूळ आत शिरत नाही. पूर्ण रिकामा सिलिंडर पावसाळ्यात श्वास घेतल्यासारखी ओल ओढतो. सिलिंडर रायफलवरून काढून ठेवा, पण काढल्यावर कप्प्यात उरलेली हवा सुरक्षित दिशेला एक-दोनदा ट्रिगर ओढून सोडा, नाहीतर फायरिंग व्हॉल्व्ह महिनोनमहिने दाबाखाली राहतो. लोखंडी कपाट गच्चीखालच्या भिंतीला लागून असेल तर त्यात ठेवू नका, मे महिन्यात ते कपाट रात्रीही गार होत नाही. पलंगाखाली, पेटीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा गेजचा आकडा लिहून ठेवा.